वही कोण तपासणार?

माझी भाची सोळा वर्षांची आहे. आठवीत आजारपण लांबलं आणि तिची शाळा सुटली. बरी झाल्यावर तिने घरीच शिकायचं ठरवलं, घरच्यांनीही ते मान्य केलं. घर भिवंडीतल्या कणेरीत, मागच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना. सहा दिवस खटखट चालू असते. शुक्रवारी माग बंद, म्हणून तिची तोंडी परीक्षा मी शुक्रवारी घेते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका शुक्रवारी तिने मला लॅपटॉपवर तिचा कॅल्क्युलसचा कोर्स दाखवला. प्रत्येक धड्यापुढे हिरवी खूण होती आणि प्रत्येक चाचणीत नव्वदच्या वर गुण. मी म्हटलं, "एक्स-वर्गाचा डेरिव्हेटिव्ह सूत्र न वापरता काढून दाखव."

तिने भराभर लिहिलं. एक्समध्ये एच एवढी वाढ धरून एचने वरखाली भागलं, पुढच्या ओळीत एच शून्य ठेवला. उत्तर बरोबर आलं.

"एच शून्य आहे ना?"

"हो, मावशी."

"मग वरच्या ओळीत भागलंस कशाने?"

ती थांबली. वहीकडे बघत राहिली. पोर हुशार आहे, प्रश्न तिला लगेच कळला आणि उत्तर आपल्याकडे नाही हेही कळलं. लिमिट म्हणजे काय, हे चाळीसेक व्हिडिओंत तिने ऐकलं होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. चार पर्यायांतून बरोबर पर्याय उचलायला ती पटकन शिकली होती. त्या कोर्सला 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणत होते. पैसे हप्त्यांनी भरले होते. शंका विचारली की उत्तरादाखल आणखी एका व्हिडिओची लिंक यायची.

मी या गावात अकरावी-बारावीला गणित शिकवते. जून-जुलैत मुलांना घरी शिकवणारे पालक भेटायला येतात. अशी घरं भिवंडीत थोडी आहेत, पण आहेत, आणि सगळीच काही हौसेने या वाटेला लागलेली नाहीत. कुणाच्या मुलाला शाळा झेपली नाही, कुणाची मुलगी दहावीनंतर घरी बसवली गेली आणि आता तिला पुढे शिकायचं आहे, तर कुणी खरोखरच विचारपूर्वक शाळा सोडली आहे. सगळे एकच विचारतात, "कुठला कोर्स चांगला?" कागदावर चार नावं लिहून आणलेली असतात. एखादं परदेशी विद्यापीठ, एखादी आयआयटी, एखादी जाहिरातीतली कंपनी. नावांकडे बघून मला सांगता येत नाही. मी उलट विचारते, "मुलगी जे लिहील ते कोण वाचणार आहे?" बहुतेकांना हा प्रश्न नवा असतो.

माझे भावोजी ग्रे कापडाची दलाली करतात. ताका समोर आला की आधी त्यावरचा शिक्का वाचत बसत नाहीत. टोक उलगडतात, खिशातलं भिंग कापडावर टेकवतात आणि एका इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजतात. हा रीड-पीक सांगितल्याप्रमाणे भरला तर पुढचं बोलणं. कोर्सचंही असंच टोक उलगडून पाहता येतं. आठवड्याला किती गणितं स्वतः सोडवून द्यायची आहेत? दिलेलं काम परत येतं का? परत आलं तर त्यावर काय लिहिलेलं असतं, नुसता आकडा की चूक कुठे झाली तेही? पहिल्या आठवड्याचं काम पैसे भरण्याआधी बघायला मिळतं का? जिथे हे दाखवायला तयार नसतात तिथे मी पालकांना सरळ नको म्हणते.

मोठ्या नावाच्या कोर्सबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण अर्धीच. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने इलेक्ट्रॉनिक सर्किटचा आपला कोर्स इंटरनेटवर सगळ्या जगाला खुला केला. सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नाव घातलं, शेवटपर्यंत जाऊन उत्तीर्ण झाले ते ७ हजारांच्या आसपास. त्यांत मंगोलियातल्या उलानबातरचा बट्टुशिग हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्याला पैकीच्या पैकी गुण पडले आणि पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. घरबसल्या जग जिंकलं, असं या गोष्टीचं तात्पर्य काढतात. पण तो मुलगा घरबसल्या एकटा शिकला नव्हता. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेले होते. स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी प्रयोगाचं साहित्य घेऊन त्या शाळेत जाऊन राहिला आणि मुलांकडून सर्किट हातांनी जोडून घेतली. कोर्स अमेरिकेहून आला, पण जोडलेली तार चुकली की सांगणारं माणूस त्याच खोलीत होतं.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीनंतर तिने शाळा सोडली, घरी शिकली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिला वरच्या वर्गांत बसू दिलं. तिथले प्राध्यापक माधवन मुकुंद यांनी तेव्हा सांगितलं होतं, की शाळेत न गेल्यामुळे तिच्या अभ्यासात काही रिकाम्या जागा राहिल्या होत्या, उदाहरणार्थ मॅट्रिक्सचं बीजगणित, आणि त्या भरून काढाव्या लागल्या. मला ती तीन पदकं मोठी वाटतातच, पण हे वाक्य त्याहून कामाचं वाटतं. इतक्या तयारीच्या मुलीच्या अभ्यासातही भोकं राहतात आणि ती घरातून दिसत नाहीत. ज्याने तो विषय स्वतः शिकवला आहे त्यालाच ती दिसतात. घरी शिकणाऱ्या मुलाला शाळा नसली तरी चालेल, असा परका डोळा नसेल तर नाही चालणार.

याच मुकुंद सरांचा पायथॉन, डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्सचा कोर्स एनपीटीईएलवर आहे. कणेरीतल्या लॅपटॉपवर तो फुकट उघडतो. एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा उपक्रम. २०१७ पासून केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावरही त्याचे कोर्स मिळतात. नाव घालायला दहावी-बारावीचा दाखला लागत नाही. दर आठवड्याला असाइनमेंट असते. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये त्यातल्या सर्वांत चांगल्या सहा धरतात, बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये आठ. त्यांना २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन समोरासमोर द्यायच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्र हवं तर दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. पैसे लागतात ते या परीक्षेचे. तोंडावर फेकायला कुणाकडे पाऊण लाख नाहीत अशा घरातल्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि आपल्या भागात ती पुरेशी कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

पण इथेही भिंग टेकवावं लागतं. प्रोग्रॅमिंगच्या कोर्समध्ये काम यंत्र तपासतं आणि चांगलं तपासतं. प्रोग्रॅम चुकला की उत्तर जुळत नाही, मुलगी पुन्हा लिहिते, पुन्हा पाठवते. रात्री अकरा वाजतासुद्धा वही परत येते. गणिती सिद्धतेचं तसं नाही. सिद्धतेतली पळवाट यंत्राच्या चार पर्यायांत सापडत नाही, एचने भागणाऱ्या माझ्या भाचीला तिथेही पूर्ण गुण पडले असते. निबंधाचं, इतिहासातल्या युक्तिवादाचं आणखीच वेगळं. म्हणून मी पालकांना सांगते, प्रोग्रॅमिंग खुशाल पडद्यावर सोपवा. गणिताचा कोर्सही पडद्यावरचा घ्या, पण आठवड्याची वही वाचायला माणूस आधी शोधा आणि मग नाव घाला. निवृत्त प्राध्यापक, एम.एस्सी. करणारी शेजारची ताई, कुणीही चालेल. त्यांना फी द्या. कोर्सवर खर्च करायचा पैसा खरं तर तिकडे जायला हवा. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानसारखी संस्था जवळ असती तर हा प्रश्नच आला नसता. श्रीराम अभ्यंकरांनी ती १९७६ मध्ये काढली आणि ऑलिम्पियाडची तयारी करणारी कितीतरी मुलं तिथे फळ्यासमोर उभं राहून शिकली.

दुसरी चूक होते ती पायरी चुकवण्याची. अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या एपी, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षांची चौकशी हल्ली इथेही होते. त्यात 'फिजिक्स सी' हा पेपर दिसला की पालकांना तोच वरचा वाटतो, आणि तो वरचा आहेच. पण कॅल्क्युलस झालेलं आहे, निदान सोबत चालू आहे, असं धरून तो शिकवतात. पायाच नसलेल्या मुलाला त्यात बसवलं तर तो सूत्रं पाठ करील आणि फिजिक्सचा कायमचा धसका घेईल. तरी एपीची एक शिस्त मला आवडते. कोर्सचा अभ्यासक्रम बोर्डाने तपासून मंजूर केल्याशिवाय 'एपी' हे नाव लावता येत नाही. आपल्याकडे 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा शब्द कुणीही कशावरही छापतो. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीचीही एक पद्धत घेण्यासारखी आहे. प्रवेशाआधी चार आठवडे खरोखर शिकवतात, असाइनमेंट करून घेतात आणि मग त्याच भागावर परीक्षा घेतात. झेपतंय की नाही हे मुलाला आणि घरच्यांना महिन्याभरात कळतं. कुठलाही कोर्स असा महिनाभर चालवून पाहावा. महिन्यानंतर सोडला तर ते अपयश मानू नये.

दहावी-बारावीच्या बोर्डाचा प्रश्न मी यापासून वेगळा ठेवते, पण टाळत नाही. कुठल्याही ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र बारावीची जागा घेत नाही. हे न सांगता कोर्स विकले जातात आणि अठराव्या वर्षी मूल अडकतं. एक वाट राज्य मंडळाच्या सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याची, दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. १९८९ पासून चालत आलेल्या या मंडळात एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. विषय एकेक करून देता येतात, त्यामुळे वरच्या कोर्ससाठी वेळ निघतो. माझ्या भाचीने हीच वाट धरली आहे. दहावी मुक्त विद्यालयातून झाली. आता एका वेळी दोन विषय बारावीचे आणि एकच कोर्स बाहेरचा. एकच. तीन कोर्स एकदम घेतलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वह्या पहिल्या दहा पानांनंतर कोऱ्या असतात.

प्रयोगशाळेचं दुखणं मात्र कोर्स बदलून बरं होत नाही. इथून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. आनंदीबाई जोशी तिथल्या. त्यांनाही घरी त्यांचे पती गोपाळरावांनी शिकवलं, भाषा आली, वाचन आलं. पण डॉक्टर व्हायचं तर शवविच्छेदनाचं टेबल आणि रुग्णाचा पलंग लागतो, म्हणून १८८३ मध्ये त्यांना अमेरिकेची बोट धरावी लागली. आज रसायनशास्त्राचं टायट्रेशन पडद्यावर माउसने करता येतं. पण ब्युरेटची तोटी आपल्या बोटांनी हळूहळू सोडताना शेवटच्या थेंबाला रंग फिरतो, तो अंदाज बोटांनाच येतो. मुक्त विद्यालयाच्या प्रात्यक्षिकाला थेट जाऊन उभं राहणाऱ्या मुलांचे हात थरथरतात. आमच्या शहरात विज्ञान महाविद्यालयं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळा दुपारनंतर रिकाम्या असतात. आठवड्यातून एक दुपार बाहेरच्या मुलांना, माफक शुल्क घेऊन, एका प्रयोगसहायकाच्या देखरेखीखाली उघडून दिली तर बाकावरच्या एकाही मुलाचं काही कमी होणार नाही. हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे आणि पालकांच्या सह्या गोळा करते आहे.

भाषेबद्दलही सांगायला हवं, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे मुकाट्याने मागे पडतात. व्याख्यान इंग्रजीत, तेही भरधाव. माझी भाची पहिल्यांदा प्रत्येक व्हिडिओ तीनदा बघायची आणि आपल्याला गणित येत नाही असं समजायची. तिला गणित येत होतं, वाक्य निसटत होतं. मग आम्ही असं ठरवलं, की व्हिडिओ एकदाच बघायचा, खालची अक्षरं चालू ठेवून, आणि तो संपला की लॅपटॉप मिटून कळलेलं मराठीत अर्ध्या पानावर लिहायचं. शब्द इंग्रजी राहिले तरी चालतील, वाक्य आपलं हवं. जिथे वाक्य पुरं होत नाही तिथे ती पेन्सिलीने गोल करते. तो गोल म्हणजे शुक्रवारचा प्रश्न. कोर्स निवडताना मी हेही बघते, की व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळतो का. मिळत नसेल तर कितीही मोठ्या विद्यापीठाचा असो, या मुलांसाठी तो अर्धाच आहे.

हप्त्यांचा तो कोर्स आम्ही मध्येच बंद केला. पैसे परत आले नाहीत. जुलैत तिने एनपीटीईएलवरचा पायथॉनचा कोर्स घेतला आणि कॅल्क्युलस माझ्याबरोबर पहिल्या पानापासून, एका जुन्या पुस्तकातून. वही तपासायला मी एकटी नको, मी तिची मावशी आहे, माझा हात सैल पडतो. म्हणून दर दोन आठवड्यांनी तिची चार पानं कल्याणला माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांकडे जातात. परवा परत आलेल्या पानावर त्यांनी एका ओळीखाली लाल रेघ मारून लिहिलं होतं, "हे खरं आहे, पण का?" तिने त्याखाली सव्वा पान लिहिलं आहे. शेवटच्या ओळीत पुन्हा पेन्सिलीचा एक गोल आहे. पाकीट टेबलावर आहे, उद्या कल्याणला जाईल.