मूल कोणासाठी शाळेत जाते?

नाताळ सरतो न सरतो तोच, ज्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल आहे त्या घरात एक प्रश्न येऊन बसतो. येत्या जूनपासून त्याला बालवर्गात घालायचे की आणखी एक वर्ष घरीच ठेवायचे? वसईच्या वाड्यांतून एके काळी या प्रश्नाला जागाच नव्हती. ओटीवर आजी असे, अंगणात चुलत भावंडे असत आणि वय झाले की मूल थेट पहिलीत जाई. आज अनेक ठिकाणी वाडीच्या जागी इमारत उभी आहे आणि आई-वडील दोघेही सकाळची लोकल गाठण्यासाठी घाईने घर सोडतात. (जुन्या व्यवस्थेची फार आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्या अंगणात धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी बहुधा आठ-नऊ वर्षांची बहीणच असे आणि तिची शाळा बुडे ती बुडेच.)

कायद्याने या बाबतीत पालकांना मोकळे ठेवले आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सक्ती करतो ती सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरली, तरी पहिलीचे वय सहाच राहिले. त्याआधीची वर्षे आई-वडिलांच्या विवेकावर सोपवलेली आहेत.

आणि विवेकाचे पहिले काम म्हणजे स्वतःचा हेतू ओळखणे. याबाबत घरोघरी ऐकू येणारी कारणे ठरलेली असतात: त्याला बसायची सवय लागेल, इंग्रजी कानावर पडेल, शेजारची मुलगी तर कधीपासून जाते, आता घातले नाही तर पुढे प्रवेश मिळणार नाही. यांतले शेवटचे कारण काही शाळांच्या बाबतीत खरेही आहे. पण एक कारण आपण सहसा उच्चारत नाही: आम्ही दोघेही कामावर जातो, आईंचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि मुलाला सांभाळायला घरात कोणी नाही. हे सांगताना आपल्याला संकोच वाटतो. जणू मुलाला आपण आपल्या सोयीसाठी दूर करीत आहोत. माझ्या मते सर्वांत निर्दोष कारण हेच आहे.

बालशिक्षणाचा इतिहासच याला साक्ष आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. ते कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहातून नव्हे. आई-वडील दिवसभर कामावर जात, मागे राहिलेली मुले नव्याने दुरुस्त केलेल्या इमारतींची नासधूस करीत आणि त्यावर उपाय म्हणून इमारतींच्या चालकांनी त्यांना एका खोलीत एकत्र आणले. गरज सांभाळण्याची होती; शिक्षण त्यातून उमलले. आपल्याच परिसरात, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शंख, खडे, बिया, पाने हेच साहित्य झाले. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली आणल्या. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीला वर्गात बसता आले. सांभाळणे हे शिकवण्याहून हलके काम आहे, असे या बायकांनी कधी मानले नाही.

आपण मात्र मानतो आणि त्याचा भुर्दंड मूल भरते. खरी गरज सांभाळण्याची असते, पण ती कबूल करायची नसल्यामुळे आपण अभ्यासाच्या दुकानात शिरतो. मग पाहणी करताना गणवेश, पुस्तकांची संख्या आणि बाईंचे इंग्रजी पाहिले जाते. मूल रडले तर त्याला मांडीवर कोण घेते, चड्डी ओली झाली तर कोण बदलते, एका ताईंच्या वाट्याला किती मुले येतात, दुपारी डोळे मिटू लागले तर चटई आहे का, हे कोणी विचारीत नाही. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून गिरवून घेतलेली वही घरी येते आणि आपल्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते.

उलट, घरी वेळ असलेले, मायेचे माणूस असेल आणि आसपास खेळायला दोन-चार पोरे असतील, तर एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. मात्र बंद दार आणि हातात मोबाइल एवढेच असेल, तर त्याला ‘घरचे संस्कार’ म्हणू नये.

याच ठिकाणी काही सुज्ञ मंडळी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा हवाला देतात. आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले आहे. वाक्य खरे आहे, पण व्यवहारात त्याचा रोख नेमका आईकडेच वळतो, वडिलांकडे नाही. शिवाय त्याच परिच्छेदात पुढे असेही म्हटले आहे की या कामी कुटुंबाला संपूर्ण समाजाचे साहाय्य हवे. हा उत्तरार्ध आपल्या प्रवचनांत फारसा ऐकू येत नाही.

तो गांभीर्याने घ्यायचा तर घड्याळाकडे पाहावे लागेल. बालवर्ग साधारण नऊला भरतो आणि बाराला सुटतो. आई संध्याकाळी सातला स्टेशनवर उतरते. मधले सात तास व्हॅनवाला, शेजारीण आणि वयाच्या चौथ्या वर्षी लावलेली शिकवणी यांच्यात वाटले जातात. त्याच वेळी कितीतरी धर्मग्रामांतील सभागृहे सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. तेथे पाळणाघर काढायला फार काही लागत नाही: बुटके शौचालय, स्वच्छ चटया, दुपारची गरम खिचडी आणि प्रेमळ, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या तीन-चार स्त्रिया. त्या स्त्रियांना मात्र सेवाभावाच्या नावाखाली मानधन न देता शिक्षिकेइतका पगार द्यावा लागेल आणि त्याचा निम्मा भार धर्मग्रामाने उचलल्याशिवाय तो नोकरदार आईच्या खिशाला परवडणार नाही.