परीक्षकाचे देणे

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रातले प्रत्येक घर एक न्यायालय बनते. शेजारून फराळाचे ताट आले, की चकलीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच निकाल लागतो. ‘यंदा भाजणी अंमळ जास्तच भाजली वाटते,’ आई म्हणते. ‘काटा मात्र सुरेख आलाय हो,’ ही आजीची पुरवणी. आरोपी हजर नसतो, साक्षीदार नसतात आणि अपिलाची तर सोयच नाही. तेच ताट आपल्या घरचे चार लाडू घेऊन परत जाते आणि पलीकडच्या घरात दुसरे न्यायालय बसते. या निकालांनी कुणाचे काही बिघडत नाही, असे आपण धरून चालतो. परंतु दुसऱ्याच्या हातच्या कामाला बरे-वाईट ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळाला कुठून, आणि तो वापरताना आपण त्या माणसाचे काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा फराळी नाही.

मला तो पडला स्पर्धा भरवण्याच्या निमित्ताने. आमचा रावेरचा मुलूख केळीचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये नजर पोचेल तिथवर केळीच्या बागा. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हां सर्वांची कॉलर ताठ झाली. पण बागेतले कर्तृत्व जगाला दिसते. घरातले पाहायचे असेल, तर चैत्र-वैशाखात गच्चीवर जावे. तिथे बिबडे वाळत असतात. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: ज्वारी कांडून तिचा कोंडा काढायचा, मग ती तीन दिवस पाण्यात भिजत घालून आंबू द्यायची. पुढे तिचे पीठ करून ते तीळ, लसूण, मिरची घातलेल्या उकळत्या पाण्यात हाटायचे आणि ओल्या धोतरावर हाताने पातळ थापून कडक उन्हात वाळवायचे. झाला बिबडा. हे वाचायला तीन ओळी लागतात. करायला पाच दिवस आणि शेजारच्या दोघीतिघी लागतात.

गावातल्या मंडळींनी बिबड्यांची स्पर्धा घ्यायचे ठरवले आणि व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. नियम कुठून आणावेत याचा शोध घेता घेता मी जाऊन पोचलो तो थेट अमेरिकेतल्या घरगुती बिअरच्या स्पर्धांपाशी! वाचकांनी दचकू नये. धान्य, पाणी, वेळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव, एवढेच तर बिअरचेही भांडवल. आफ्रिकेत कित्येक ठिकाणी ती ज्वारीचीच करतात. एकाच आंबवण्याच्या विद्येची ही दोन लेकरे. एक पिंपात गेले, दुसरे गच्चीवर आले. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा पिंपाच्या वाटेला जाण्याचा प्रश्नच नव्हता. नियम उसने आणायला मात्र कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही.

तिकडेही घरी बिअर करणे दीर्घकाळ बेकायदेशीरच होते. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून ते मोकळे झाले. त्याच १९७९ साली त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९८५ मध्ये परीक्षकांचीच परीक्षा घेणारी एक व्यवस्थाही उभी राहिली. त्यांच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात येणाऱ्या स्पर्शाला ५ आणि एकंदर प्रत्ययाला १०. रूपाला अवघे तीन! आमच्याकडे वधूपरीक्षेत हे प्रमाण नेमके उलटे असे, हे आठवून मला हसू आले. ती पत्रिका मी थोड्या फेरफाराने उचलली आणि सभेपुढे ठेवली.

पहिला वाद पेटला तो धान्यावरून. कुणाच्या घरी शेतातली निवडक दादर ज्वारी. कुणी मजुरीवर जाणारी बाई दुकानातून मिळेल ती ज्वारी आणणार. दोघींच्या बिबड्यांना एकच माप लावायचे? एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘गरिबाच्या घरच्या बिबड्याला पाच गुण वरचे द्यावेत.’ हेतू चांगला होता. परंतु वरचे पाच गुण देणे म्हणजे त्या बाईला स्पर्धेतून हळूच उचलून दयेच्या पंक्तीत बसवणे. तिचा बिबडा खरोखरच चांगला निघाला, तरी लोक म्हणणार, पाच तर फुकटचेच होते. उलट, विषमतेकडे डोळेझाक करून ‘आम्ही सर्वांना सारखेच वागवतो’ असे म्हणणे हीदेखील एक प्रकारची लबाडीच. अखेर सर्वांना एकाच पोत्यातली ज्वारी सारखी मोजून द्यायची, असे ठरले. त्या सभेत मला एक गोष्ट स्पष्ट झाली: विषमता दूर करायची ती पोते उघडताना, गुण मांडताना नव्हे. पहिले काम संयोजकाचे, दुसरे परीक्षकाचे. संयोजकाने कुचराई करायची आणि परीक्षकाने दया दाखवून ती झाकायची, असा प्रकार जगात फार चालतो. शाळांत चालतो, कचेऱ्यांत चालतो. आणि त्यात ज्याच्यावर दया होते, त्याचाच मान जातो.

दुसरा नियम नाव झाकण्याचा. ताटलीवर फक्त क्रमांक. आणि ज्या घरचा बिबडा स्पर्धेत, त्या घरचे कुणी परीक्षक नाही. यावर एक वडीलधारे गृहस्थ रागावले. ‘म्हणजे आमच्या परीक्षकांवर तुमचा विश्वास नाही?’ विश्वास होता. तो जिभेवर नव्हता. जीभ एकटी कधी साक्ष देतच नाही. तिच्या कानाशी डोळे, आठवणी, नातीगोती सारखी कुजबुजत असतात. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नावे झाकून पुढे ठेवल्या. ज्यांचे गुण धरले ते नऊही परीक्षक फ्रेंच. आणि तांबड्या व पांढऱ्या अशा दोन्ही गटांत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची बाटली. हे परीक्षक लबाड नव्हते, हाच तर या गोष्टीचा अर्थ. नाव दिसते तोवर आपण नावाचीच चव घेत असतो, आणि ते आपल्या ध्यानीही नसते.

अर्थात नाव झाकल्याने परीक्षक देव होत नाही. कॅलिफोर्नियातच रॉबर्ट हॉजसन यांनी एका स्पर्धेतल्या परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा ठेवली. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापले: तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहांत एखादाच निघाला. आम्हीही, परीक्षकांना आधी कल्पना देऊन, एका घरचे बिबडे दोन क्रमांकांखाली ठेवले होते. एका आक्कांनी सकाळी ज्याला नाक मुरडले, त्यालाच जेवणाच्या वेळी वाहवा दिली. पुढे कळले तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, भूक पण परीक्षकच असते ना!’

मग चवीचा न्याय हा निव्वळ खेळच समजायचा काय? असे म्हणणे सोपे आहे आणि त्यात एक आळस दडलेला आहे. १७५७ साली डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली! दोघांचे मत जुळले नव्हते. तरी दोघेही खरे होते. आपल्या रसचर्चेत ‘सहृदय’ हा शब्द आहे. आस्वाद घेणाऱ्याचीही तयारी लागते, हेच त्यात सांगितले आहे. मतभेद झाला म्हणजे सत्य नाहीच, असे ठरत नाही. कधीकधी इतकेच ठरते, की पिंप अजून रिकामे झालेले नाही.

आमचे पिंप तिसऱ्या वादात रिकामे झाले. एका ताटलीतला बिबडा चांगलाच आंबट होता. एक परीक्षक म्हणाल्या, ‘ज्वारी उतरली आहे, बाद करा.’ दुसऱ्या आक्का उसळून म्हणाल्या, ‘आंबट नाही तर मग बिबडा कशाला म्हणायचा? पापड खावा त्यापेक्षा!’ दोघीही आपापल्या माहेरची चव जिभेवर घेऊन बसल्या होत्या. इथे ती उसनी नियमावली उपयोगी पडली. त्या स्पर्धांत बिअर पाठवणाऱ्याने आधी प्रकार लिहायचा असतो. ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची आंबट बिअर होते. तिला कुणी ‘आंबट लागते’ म्हणून गुण कापत नाही. जे करायला निघालात, ते साधले की नाही, एवढेच पाहायचे. आमच्या अर्जातही तशी एक ओळ होती: ‘सौम्य की आंबट?’ क्रमांकाप्रमाणे अर्ज काढून, नाव झाकूनच, ती ओळ वाचली. त्यावर ‘आंबट’ असेच लिहिले होते. दोघी पुन्हा चाखायला बसल्या.

माणसांविषयी निकाल देताना आपण ही ओळ क्वचितच वाचतो. ज्याला शांतपणे शेती करायची होती, त्याला तो मोठा अधिकारी झाला नाही म्हणून आपण अनुत्तीर्ण करतो. आणि शेजारणीची चकली आपल्या आईच्या चकलीसारखी नाही, म्हणून ती बिघडलेली ठरवतो. मात्र ही सवलत अमर्याद नाही. बिबड्यात कच लागली, किंवा त्याला बुरशीचा वास आला, तर ‘आमचा प्रकारच तसा’ हे उत्तर चालत नाही. हेतू विचारावा आणि दोषाला दोष म्हणावे. यांतले एकच केले, तर एकीकडे गुळमुळीतपणा उरतो, दुसरीकडे निष्ठुरपणा.

आता देण्याचा प्रश्न. त्या बिअरवाल्यांच्या रिवाजात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की बक्षीस तिघांना मिळते, पण गुणपत्रिका प्रत्येकाकडे परत जाते. आणि तिच्यावर नुसते आकडे नसतात, कारणे लिहिलेली असतात. आकडा हा हुकूम असतो. कारण हे संभाषण असते. हुकमापुढे मान तुकवायची किंवा रुसायचे, एवढेच हाती राहते. कारण कळले तर वाद घालता येतो, शिकता येते, परीक्षकच चुकला असेही म्हणता येते. ज्याने पाच दिवस राबून काही केले, त्याला नुसता आकडा कळवणे म्हणजे त्याच्या श्रमाकडे वळूनही न पाहणे. आमच्या परीक्षकांची लिहून लिहून बोटे दुखली, दिवेलागण झाली. तरी प्रत्येक पत्रिकेवर चार ओळी पडल्याशिवाय मी बाकावरून कुणाला उठू दिले नाही.

आंबट बिबड्याला बक्षीस मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पत्रिका घेऊन मी त्या घरी गेलो. बाई मजुरीहून नुकतीच आली होती. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मुलीने ओसरीवर बसून वाचून दाखवले: वास फार छान, आंबटपणा हवा तसा साधला आहे, लसूण थोडा कमी चालेल, कडेला जाड थापला गेल्याने तळताना मधला भाग फुलतो, कड कच्ची राहते. बाईने मुलीला शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली.

‘म्हणजे खाल्ला त्यांनी खरंच,’ ती म्हणाली. मग हात झटकून आत गेली आणि माझ्यासाठी चहा टाकला.