बालकाचा क्रोध आणि दंड

क्रोध हा षड्रिपूंपैकी एक असून त्याचा निग्रह करावा, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या बालकाने कोवळ्या वयात आपल्या पित्याचा गोळीने विदीर्ण झालेला देह पाहिला, त्याच्या क्रोधासही हाच न्याय लावावयाचा काय? त्यास दोषी समजावे की जखमी?

छत्तीसगडमध्ये हा प्रश्न पुष्कळ घरांत प्रत्यक्ष उभा राहिलेला आहे. भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची झोपेतच हत्या झाली. पुढे १ जुलै १९९२ रोजी तेथेच रेल्वेमार्गावर ठाण मांडून बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींपासून दक्षिणेस गेले म्हणजे बस्तरचे अरण्य लागते. तेथे २००५ नंतर माओवादी व सलवा जुडूम यांच्या संघर्षात गावेच्या गावे ओस पडली आणि असंख्य मुले निवासी शाळांत येऊन राहिली.

असे मूल दार आपटताच दचकते, रात्री झोपत नाही, क्षुल्लक कारणावरून सोबत्यावर धावून जाते. संकट टळून गेले तरी त्याचे शरीर पहाऱ्यावरून उतरलेले नसते. गीतेत राग, भय आणि क्रोध यांचा उच्चार एकत्र होतो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रौढाचा क्रोध बहुधा अडलेल्या वासनेतून उपजतो. या बालकाचा भयातून. त्या भयास उद्धटपणा समजून गुरुजींनी छडी उगारली, तर बलवानाने मारावयाचे असते हाच जुना पाठ पक्का होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा निषिद्ध केली आहे. छडी मात्र सर्वत्र अडगळीत गेलेली नाही.

तथापि ज्याने मार खाल्ला तेही मूलच. तेव्हा मारणारा हात धरावा, दोघांस वेगळे करावे, आणि झाल्या प्रकाराविषयी बोलणे शांत झाल्यावर करावे. करुणा म्हणजे मोकळीक नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड यांनी लंडनमध्ये चालविलेल्या बालगृहांत असे दिसून आले की, मुलांना बॉम्बवर्षावापेक्षा आईचा वियोग अधिक दुःसह होतो. म्हणून उपचाराचा पाया म्हणजे एक विश्वासाचे माणूस, जेवणाची ठरलेली वेळ आणि पाळलेला शब्द. त्यावर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ खेळातून, चित्रांतून, क्रमाक्रमाने त्या घटनेपर्यंत पोहोचतो आणि पालकांसही सोबत शिकवितो. पहिल्याच दिवशी मुलास सारे सांगावयास लावणे अयोग्य. वसतिगृहास भेट देणारे दयाळू पाहुणे ‘तुझ्या बाबांचे काय झाले?’ असे चारचौघांत विचारतात, तेव्हा दान देता देता ते खपलीच काढीत असतात.

पोरक्या पुतण्यास घरी आणणारा काका विचारील, हे किती काळ चालावयाचे? कधी काही महिने, कधी वर्षे. घरी सुरक्षित वाटू लागल्यावर काही मुले प्रथम अधिकच चिडतात, कारण आता चिडण्याचे धैर्य आलेले असते. त्या दिवसांत काकाने एकट्याने झुंजू नये. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील बालकांसाठी १०९८ आहे.