दिवा आणि तार
वाचन : मत्तय २५:१-१३

अ‍ॅम्बॅसडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी काही घरांत ती अजून जपलेली आहे. रात्री उजेड मंद वाटला की मालक ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब बसवतो. तरी उजेड पिवळाच! दोष तारेत असतो. या गाडीत दिव्यांची वीज डॅशबोर्डावरील बटणातून फिरून पुढे येते. तारा जुन्या, जोड गंजलेले. वाटेत दहा टक्के व्होल्टेज हरवले, तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. जास्त वॅटचा बल्ब घातला, तर तारच तापून वितळते. म्हणून जाणता कारागीर आधी बॅटरीपासून जाड तार ओढतो, फ्यूज व रिले बसवतो, अर्थिंगची जागा घासतो.

दाखल्यातील दहाही कुमारींजवळ दिवे होते. उणीव तेलाची होती, आणि वर येईपर्यंत ती कोणाला दिसली नाही.

आम्ही मंडळीत नवा ध्वनिक्षेपक आणतो, नवे कार्यक्रम आखतो. ते चांगलेच आहे. पण शब्बाथ शाळेत क्षमेचा धडा देणारे आम्ही शेजारच्या बाकावरील भावाशी अबोला धरून असू, तर मुलांपर्यंत किती उजेड पोहोचेल? प्रार्थना, वचनाचे नित्य वाचन, समेट ही आमची तार आहे.

आणखी एक. नव्या दिव्याचा रोख खाली धरावा लागतो, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. आमच्या साक्षीनेही वाट दिसावी, आम्ही नव्हे.

येत्या प्रभुभोजनापूर्वी आपण आपली तार तपासू या. प्रभू आम्हांस साहाय्य करो.