तराजूच्या आधी नाका

सातारा

चि. सानिका हिस,


नववीचे विज्ञानाचे तास तुझ्याकडे आले हे ताईने फोनवर सांगितलं होतंच, मग तुझं पत्रही पोचलं. द्रव्य अक्षय्यतेचा नियम मुलं एका दमात म्हणून दाखवतात, आणि मेणबत्ती जळाल्यावर मेण कुठे गेलं असं विचारलं की ‘संपलं’ म्हणतात, हे तुझं गाऱ्हाणं. मोठी माणसं तरी वेगळं काय म्हणतात? गॅस संपला, पेट्रोल संपलं, कचरा जाळून संपवला. या ‘संपलं’ला तुझ्या वर्गात सुखाने बसू देऊ नकोस, एवढंच मला सांगायचं आहे. ते कसं करायचं, त्यासाठी हे लांबलचक पत्र.

पहिल्या दिवशी व्याख्या फळ्यावर लिहू नकोस. स्वयंपाकघरातली गॅसची टाकी घे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो हे बहुतेक मुलांना माहीत असतं, आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. भरलेली येते, तेवढ्या किलोंनी हलकी होऊन परत जाते. हे चौदा किलो गेले कुठे? निम्मा वर्ग म्हणेल, त्याची उष्णता झाली. लगेच खोडू नकोस, ऐकून घे, आणि मग हिशेब मांड. टाकीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. 58 ग्रॅम ब्युटेन पूर्ण जळताना हवेतला 208 ग्रॅम ऑक्सिजन घेतो, आणि त्यातून 176 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 90 ग्रॅम पाणी तयार होतं. दोन्हीकडची बेरीज 266. याच प्रमाणात अख्ख्या टाकीचं पाहिलं तर साधारण 43 किलो कार्बन डायऑक्साइड आणि 22 किलोंच्या आसपास पाणी, तेही आईच्या ओट्यासमोर, वाफ होऊन. चौदा किलो ‘संपले’ म्हणणाऱ्यांना पासष्ट किलोंचा हिशेब द्यायचा आहे! वरचे पन्नासेक किलो खिडकीतून आत आलेल्या ऑक्सिजनचे.

पाण्याचं मुलांना खरं वाटणार नाही. त्यांना घरी करायला सांग: थंड पाण्याचं पातेलं बाहेरून कोरडं पुसायचं आणि पेटत्या शेगडीवर ठेवायचं. पहिल्या काही सेकंदांत बुडाला बाहेरून ओल धरते, मग पातेलं तापलं की उडून जाते. प्रत्येक घरात रोज दिसणारी ही गोष्ट, पण पातेलं आधी पुसलेलं असलं तरच ती साक्ष देते. एवढं झालं की रासायनिक समीकरण ‘संतुलित’ का करायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. एरवी मुलं तो आकड्यांचा खेळ समजतात, दोन इकडे लाव, तीन तिकडे लाव, जमलं. टाकीचा हिशेब केलेल्या मुलाला कळतं की इकडचा एक अणू तिकडे दिसत नसेल तर तो कुठेतरी उभा आहे आणि आपण त्याला विचारलेलं नाही.

आता इतिहासाकडे. पाठ्यपुस्तकांत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए येतो तो नियमाचा मालक म्हणून, जणू 1789 मध्ये त्याचं पुस्तक येण्याच्या आधी पदार्थ टिकतो हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. असं नाही. पदार्थ शून्यातून येत नाही ही समजूत फार जुनी. अडचण होती ती वायूंची, कारण ते दिसत नाहीत आणि न विचारता ये-जा करतात. मुलांना बॉइलची गोष्ट सांग. 1673 च्या सुमारास रॉबर्ट बॉइलने कथलासारखे धातू बंद काचपात्रात तापवले. धातूचं भस्म झालं. भांडं उघडताना हवा फुस्स करून आत शिरल्याचंही त्याच्या लक्षात आलं. पण वजन केलं ते उघडल्यानंतर! ते वाढलेलं निघालं, आणि त्याने निष्कर्ष काढला की अग्नीचे कण काचेतून आत शिरून धातूला चिकटले. बॉइल काही लहान माणूस नव्हता. चुकला ते वजन करण्यात नाही, वजन कधी करायचं यात.

लाव्हाझिएने 1774 मध्ये कथलाचा तोच प्रयोग केला, पण पात्र उघडण्याआधी तोललं. वजन जसंच्या तसं. मग उघडलं, हवा आत शिरली, आणि आता वजन वाढलं. आत आलेल्या हवेचं वजन आणि धातूच्या भस्मात वाढलेलं वजन यांचा मेळ बसला. म्हणजे धातूला जे चिकटलं ते आतल्या हवेतलंच होतं, आणि त्याची रिकामी जागा बाहेरच्या हवेने भरून काढली. पुढे त्याने पारा बारा दिवस तापवून तांबडं भस्म मिळवलं, तेच भस्म जास्त तापवून पारा परत मिळवला, आणि भस्माबरोबर नाहीशी झालेली हवाही परत मोजली. गेलेलं परत आणून दाखवणं, यापेक्षा चांगला पुरावा काय असणार?

हा माणूस पोटापाण्यासाठी काय करत होता, हे वर्गात जरूर सांग. तो राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदार कंपनीचा भागीदार होता. पॅरिसमध्ये माल चोरून आणून जकात बुडवतात, म्हणून शहराभोवती भिंत घालावी आणि तिच्यात नाके ठेवावेत, ही सूचना त्याची. 1784 पासून ती भिंत उभी राहू लागली. पॅरिसच्या लोकांनी तिचा इतका राग धरला की 1789 च्या जुलैमध्ये बास्तीलच्या तुरुंगावरच्या हल्ल्याच्या आधी दोन दिवस तिचे नाके पेटले. 8 मे 1794 ला लाव्हाझिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला, तोही इतर कर-मक्तेदारांबरोबर. रसायनशास्त्राचा त्यात काही दोष नव्हता. (त्याच्या पुस्तकातल्या उपकरणांची चित्रं त्याची बायको मारी-आन हिने काढली होती. मुलींना हे सांगायला विसरू नकोस.)

माझ्या मते या भिंतीत आणि त्याच्या प्रयोगशाळेत एकच डोकं आहे. आपल्याकडे मुंबईत 2017 पर्यंत जकात नाके होते. तुझ्या वर्गात कोणाचे वडील ट्रक चालवत असतील तर तिथल्या रांगांबद्दल ते सांगतील. नाक्यावर शहरात काय आहे हे कोणी मोजत नाही. आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, एवढंच मोजतात. द्रव्य अक्षय्यतेचा नियमही तसाच वापरायचा असतो. मुलांनी तराजूला हात लावण्याआधी वहीत लिहायचं: माझा नाका कुठे आहे? बाटलीच्या तोंडाशी? खोलीच्या दाराशी? हे न ठरवता केलेलं वजन म्हणजे नुसता आकडा.

प्रयोग कोणता घ्यावा असं तू विचारलं होतंस. सोडियम सल्फेट आणि कॅल्शियम क्लोराइडची द्रावणं मिसळून पांढरा साका पाडणं सोपं आहे, वजन हमखास तेवढंच राहतं. मला तो प्रयोग आवडत नाही. त्यात काही निसटत नाही, त्यामुळे कोणाला काही शोधावंही लागत नाही. त्यापेक्षा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घे. 2 ग्रॅम सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत, 50 मिलिलिटर व्हिनेगर, आणि शीतपेयाची एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली. काचेची चुकूनही नको. काटा शतांश ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसा. आधी बाटली, झाकण, व्हिनेगर आणि पुडी एकत्र तोलायची. मग पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावायचं. फेस येईल, बाटली टणक होईल. आता तोल: वजन तेच. मग झाकण हळूच सैल कर, फुस्स होऊ दे, पुन्हा तोल. अर्ध्या ते एक ग्रॅमची घट दिसेल. बॉइलचा आवाज मुलांनी आपल्या कानांनी ऐकलेला असेल.

सोड्याचं प्रमाण वाढवू नकोस. दोन ग्रॅममधून जेमतेम अर्धा लिटर वायू होतो, तेवढा दाब ही बाटली सहज सोसते. आणि बाटलीच्या तोंडावर फुगा लावण्याचा तो लोकप्रिय प्रकार मात्र जपून कर. वर्गाला फुगा आवडतो, आणि फुगाच घात करतो. फुगून तो स्वतःच्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो, आणि एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या थोडं आत असतं. त्यामुळे अर्धा लिटरचा फुगा, एक थेंबही न सांडता, काट्यावर सुमारे अर्धा ग्रॅम कमी दाखवतो. पदार्थ कुठेच गेला नाही, हवेने त्याला थोडं उचलून धरलं. हुशार वर्ग असेल तर बाटली आणि फुगा दोन्ही कर आणि फरकाचं कारण त्यांनाच शोधू दे. आर्किमिडीजच्या तत्त्वालाही कामाला लाव.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्या मुलांना उत्तर आधी ठाऊक असतं. वजन समान येणार हे पुस्तकात वाचलेलं असतं, म्हणून काटा 61.42 दाखवत असला तरी वहीत 62.00 येतं. त्या बासष्टला गुण दिलेस की नियम शिकवणं तिथेच थांबलं. एकसष्ट पूर्णांक बेचाळीस लिहून खाली ‘झाकण सैल होतं असं वाटतं’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दे. नियम त्यालाच समजलाय: त्रुटी आली की नियमावर संशय न घेता आधी नाका तपासायचा, आणि नाका पक्का निघाला तर मात्र खरोखर विचारात पडायचं.

तुमच्याकडची मुलं उसाच्या शेतांतून येतात, तर त्यांना हेही विचार: उसाचं वजन येतं कुठून? ‘जमिनीतून’ हे उत्तर येणारच. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या माणसाने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं आणि माती घटली दोन औंसांच्या आसपास. म्हणजे झाड पाण्याचंच झालं, असं त्याने ठरवलं. वायूंवर त्या काळी त्याच्याइतकं काम कोणी केलं नव्हतं, तरी झाडाने हवेतून काय घेतलं हे त्याच्याच नजरेतून सुटलं. मग पाचट पेटवलं की शिवारात मूठभर राख उरते आणि बाकीचं जातं कुठे, याचं उत्तर मुलं आपणहून देतील. जिथून आलं तिथेच. त्यावर भाषण देऊ नकोस. ‘जाळून संपवलं’ म्हणताना ती स्वतःच अडखळू लागतील.

दहावी-अकरावीचं पुस्तक उघडलेला एखादा जण आइन्स्टाइन काढेल. बाई, वस्तुमानाची ऊर्जा होते ना, मग नियम खोटा? त्याला गप्प करू नकोस. एक किलो कोळसा जळताना जी ऊर्जा बाहेर पडते तिच्याएवढं वस्तुमान खरंच कमी होतं, पण ते एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी. जर्मनीत हान्स लांडोल्टने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कित्येक वर्षं बंद काचनळ्यांत अभिक्रिया घडवून अतिशय नाजूक काट्यांवर वजनात काही फरक पडतो का ते तपासलं. सुरुवातीला त्याला थोडी घट दिसली, मग ती तापलेल्या काचेमुळे आणि तिच्यावरच्या ओलाव्यामुळे दिसत होती असं निघालं. म्हणजे तिथेही आधी नाकाच तपासला गेला. रसायनशाळेतल्या काट्याला आइन्स्टाइन दिसत नाही, असं त्या मुलाला सांग, आणि अणुभट्टीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो हेही सांग. तो खूश होईल.

लाव्हाझिएने द्रव्य अक्षय्यतेचा नियम स्पष्ट शब्दांत लिहिला तो त्याच्या पुस्तकातल्या, द्राक्षरसाची दारू कशी होते या प्रकरणात. साखरेचं मद्यार्क आणि वायू होताना त्याने सगळं तोलून पाहिलं होतं. हे मुख्याध्यापकांसमोर सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव.

ताईला नमस्कार. बाटलीच्या प्रयोगाचे आकडे मला पाठव, जसे येतील तसे.

तुझी,
मावशी

ता. क. : चुनकळीवर पाणी घालायचा प्रयोग करणार असशील तर 56 ग्रॅमला 18 ग्रॅम पाणी हा आकडा वहीत छान दिसतो, 74 ग्रॅम विरलेला चुना. प्रत्यक्षात मिश्रण इतकं तापतं की काही पाणी वाफ होऊन जातं आणि वजन कमी भरतं. शिवाय चुना उडून डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पाच ग्रॅमच्या वर घेऊ नकोस, चश्मा लावून तू स्वतः कर, आणि मुलांना दोन हात मागे उभं कर.