मागे राहणारे

भोपाळच्या करोंदमध्ये राहणाऱ्याला १९८४ साल मुद्दाम आठवावं लागत नाही. युनियन कार्बाइडचा बंद कारखाना इथून जवळ आहे, आणि गॅसपीडितांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे उभं राहिलेलं भोपाळ मेमोरियल रुग्णालय तर करोंदमध्येच. शेजारच्या खालांना घेऊन मी अधूनमधून तिथे जातो. त्यांची फाईल माझ्या पिशवीत असते, पंप त्यांच्या मुठीत. चार पायऱ्या चढल्या की थांबतात, कठडा धरतात. तपासणीत नळीत जोरात फुंकायला सांगतात तेव्हा गळ्याच्या शिरा ताठ होतात आणि फुंकर मध्येच तुटते. "सांस आती है बेटा, पूरी नहीं आती," म्हणतात.

२ डिसेंबरच्या त्या रात्री या कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला. हमीदिया रुग्णालयात गांधी मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी राबले. कोणी डोळ्यांवर पाणी मारलं, कोणी अनोळखी पोरांना खांद्यावर टाकून पळालं. लष्कराच्या गाड्यांनी माणसं उचलली. एरवी लढाईत नागरिक सैनिकाची शुश्रूषा करतात, इथे सैनिक नागरिकांसाठी धावले. त्या धावपळीचं मोल मी कमी लेखणार नाही. पण पहिल्या रात्री माणूस माणसासाठी धावतोच. कस लागतो तो नंतर, गर्दी पांगली की.

म्हणून मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. देश परका, भाषा परकी, अंगावर जखमी सैनिकांचा लोंढा. एका लढाईत कोटणिसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचं नाव घरोघर नेलं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट सर्वांत मोठी वाटते: बाकीचे चौघे यथावकाश परतले, ते राहिले. तिथली भाषा शिकले, तिथेच संसार मांडला, बेथ्यून रुग्णालयाची जबाबदारी घेतली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले.

लढाई संपल्याची तारीख असते, जखमेची नसते. खालांना आता डोळे धुणारं कोणी नको आहे. रांगेत उभं राहणारं, गोळी कधी घ्यायची ते दोनदा समजावणारं, परतताना रिक्षा ठरवून देणारं माणूस हवं आहे. हे काम दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, आणि ते करायला डॉक्टर असावं लागत नाही.

असं माणूस जखमी जवानांनाही लागतं. पुण्याजवळ खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. जवळपास राहत असाल तर तिथे चौकशी करा, आपला काय उपयोग होईल ते विचारा. लांब असाल तर आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात एकट्याने रांगेत बसलेला म्हातारा शोधा आणि त्याची फाईल हातात घ्या. आणि पुढच्या महिन्यातही जा.