एकाच सत्तेचे दोन साक्षीदार

१९७७च्या मार्चमध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा पार धुव्वा उडाला. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून हरल्या. महाराष्ट्रातही पक्षाची ४८ पैकी २० जागांवर बोळवण झाली. त्या पडझडीत नंदुरबार मात्र जागचं हललं नाही. तिथून काँग्रेसचे सुरूपसिंग नाईक लोकसभेत गेले आणि पुढे २०१४पर्यंत हा मतदारसंघ पक्षाच्या हातून सुटला नाही.

हे असं का, याचं उत्तर पांढरपेशा वर्गाने केव्हाच देऊन ठेवलं आहे: आदिवासी भोळे, गाय-वासरू दिसलं की शिक्का मारणारे. पण याच भोळ्या माणसांनी १९७२ साली याच भागातल्या शहाद्यात श्रमिक संघटना उभी केली होती. सावकाराला जाब विचारला होता, बायकांनी दारूचे गुत्ते फोडले होते. मत कुणाला द्यायचं हे त्यांना कळत नव्हतं, हे म्हणणं टिकत नाही. त्यांनी पाहिलेली सत्ता वेगळी होती, एवढंच.

शहाद्याच्या सपाटीवर सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होई. उचल घ्यायची तीही तेव्हाच. लग्नासाठी, दुखण्यासाठी, नाहीतर मागचं देणं भागवायला. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की मालकाकडूनच खावटी. हिशेब मालकाच्या वहीत, अंगठा सालदाराचा. साल सरे, देणं सरत नसे. म्हणून पुढचं सालही त्याच दारात. ज्या शेतात तो राबे, ते कित्येकदा त्याच्याच बापाचं असे, कधीतरी कर्जापायी गेलेलं. तक्रार करायची तर पोलीसपाटील मालकाच्याच ओट्यावर बसलेला. १९७१च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, तेव्हा अंबरसिंग सुरतवंती या तरुण भिल्ल कार्यकर्त्याने माणसं जमवायला सुरुवात केली. संघटना त्यातूनच वाढली. अंबरसिंग १९७४ साली गेले.

मग आणीबाणी आली. १ जुलै १९७५ला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला, ऑक्टोबरमध्ये वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला. १ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. कायदा राज्याचा होता, त्यामागचा रेटा संघटनेचा होता. पण सामान्य माणूस राज्य सूची आणि केंद्र सूची पाहून श्रेय वाटत नाही. श्रेय गेलं ‘बाईं’ना, म्हणजे इंदिरा गांधींना.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. देशभरात लाखाहून अधिक माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, नसबंदीच्या मोहिमेने गावंच्या गावं धास्तावली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही.

इंदिराबाईंसारख्या नेत्याबद्दल लिहिताना आपण जमाखर्च मांडतो. जमेला बँकांचं राष्ट्रीयीकरण आणि बांगलादेश, नावे आणीबाणी, खाली बेरीज. पण जमेची आणि नावेची रक्कम इथे एकाच खिशातून आली आहे. विरोध बाजूला सारून झपाट्याने हुकूम काढता येणं, ही ती ताकद. तिच्यामुळे दुर्गाबाईंचा आवाज बंद करता आला आणि मालकाची वहीही एका वटहुकमाने रद्द ठरवता आली. ज्याला कायद्याचं, कोर्टाचं, वर्तमानपत्राचं संरक्षण आधीपासून होतं, त्याचं काहीतरी हिरावलं गेलं. ज्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं, त्याला गावच्या मालकापेक्षा दिल्लीची मालकीण बरी वाटली. दोघांचीही साक्ष खरी आहे.

म्हणून गौरव करणारे आंधळे आणि टीका करणारे कृतघ्न, ही वाटणी फोल आहे. नेत्याविषयीचं आपलं मत पुष्कळदा आपण आधी कुणाच्या टाचेखाली होतो, त्यावरून ठरतं.

आणि ही गोष्ट नंदुरबारच्या बाजूनेही इतकी सरळ नाही. सातपुड्याच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, जंगलातल्या नेवाडांवर, म्हणजे वनजमिनीवर काढलेल्या शेतांवर, पोट भरणाऱ्यांना तीच सत्ता दुसऱ्या बाजूने भेटली. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वनं हा विषय समवर्ती सूचीत गेला. १९७८च्या मार्चअखेरपर्यंतची वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करण्याचं राज्याने ठरवलं होतं. पण इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्यावर १९८०चा वनसंवर्धन कायदा आला आणि केंद्राच्या मंजुरीखेरीज त्यातलं काही करता येईना. पर्यावरणवाद्यांनी या कायद्यासाठी बाईंना आजवर दुवा दिला. नेवाडधारक मात्र फॉरेस्टवाल्यांच्या लेखी अतिक्रमकच राहिला. त्याला हक्काची भाषा मिळायला २००६चा वनाधिकार कायदा यावा लागला. सपाटीवर सालदाराला सोडवणारा हात डोंगरात नेवाडावर पडला, तेव्हा त्याला अडवणारं वर कुणी नव्हतं.

जमिनी तरी किती परत मिळाल्या? कायदा सगळ्या राज्याला सारखा होता, पण तहसील कचेरीत कागद हलायला पाठीशी माणसं लागतात. जिथे मोर्चे होते, तिथे सातबारा हातात पडण्याची आशा धरता आली. जिथे नव्हते, तिथे तारखा पडत राहिल्या. वरून आलेली कृपा खालच्या संघटनेशिवाय कागदावरच राहते, आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य तर आणीबाणीने सगळ्यांचंच आकसलं होतं. सालदार आणि दुर्गाबाई इथे एका बाजूला येतात, दोघांना त्याचा पत्ता नसला तरी.

नेता थोर की वाईट, हा वाद पुन्हा पुन्हा नव्याने घालायला हरकत नाही. आजच्या नेत्यांबद्दलही तो तसाच चालू आहे. पण त्याच्या कारकिर्दीनंतर गरिबाला त्याच्यासारख्याच पुढच्या नेत्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद उरली का, हा प्रश्न आधी विचारावा. नुसत्या उपकारावर ज्याची थोरवी उभी असते, त्याचे उपकार पुढचा सत्ताधीश त्याच सहजतेने काढून घेऊ शकतो.